विजेचा धक्का आणि भिंतीवरचा तक्ता

विजेच्या उपकेंद्रात, कापडगिरणीच्या यंत्रघरात, क्वचित एखाद्या जुन्या पिठाच्या गिरणीतही, मेन स्विचच्या शेजारी काचेच्या चौकटीत बसवलेला एक तक्ता आपण पाहिला असेल. वर ठळक अक्षरांत ‘विजेच्या धक्क्यावरील उपचार’ असा मथळा असतो. खाली दोन-चार रेखाचित्रे असतात. एक मनुष्य पालथा पडलेला आहे आणि दुसरा गुडघ्यांवर बसून त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे दाबतो आहे. त्याखाली इंग्रजीत आणि देशी भाषेत बारीक टाइपातल्या सूचना. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी असा तक्ता स्थानिक भाषेत, दर्शनी जागी लावण्याची सक्ती केली होती. तो लावला सर्वांनी. वाचला मात्र फार थोड्यांनी.

त्या तक्त्यात बहुधा अशा अर्थाची एक सूचना असते की, धक्का बसलेला मनुष्य मेलेला दिसला तरी त्याला मेलेला समजू नये. डॉक्टर येऊन सांगेपर्यंत त्याला श्वास देण्याचे काम थांबवू नये. वाचताना ही सूचना अगदी साधी वाटते. परंतु ती तशी लिहिता यावी ह्यासाठी जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली, आणि तेवढ्या काळात कित्येक माणसे वाचवण्याजोगी असूनही मेली म्हणून सोडून दिली गेली असली पाहिजेत. वीज माणसाला नेमकी कशी मारते हे माणसाला किती उशिरा कळले, त्याची हकिकत आज सांगावयाची आहे.

आभाळातली वीज माणसाला अनादि काळापासून ठाऊक आहे. परंतु स्वतः निर्माण केलेल्या विजेचा सणसणीत तडाखा त्याने प्रथम खाल्ला तो १७४५-४६ च्या सुमारास. पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट ह्यांना आणि हॉलंडमध्ये लायडन येथे प्राध्यापक मुशेनब्रुक ह्यांना, एकमेकांस न कळवता, असे आढळले की पाणी भरलेल्या काचेच्या बाटलीत घर्षणयंत्राची वीज साठवून ठेवता येते. एका हातात बाटली धरून दुसऱ्या हाताने तिच्यातील तारेला स्पर्श करताच मुशेनब्रुक असे हादरले की, सगळे फ्रान्सचे राज्य दिले तरी असला धक्का पुन्हा घेणार नाही, असे त्यांनी पॅरिसला लिहून कळवले. पॅरिसकरांनी त्यातून बोध घेतला तो उलटाच! १७४६ साली धर्मोपदेशक आणि शास्त्रज्ञ नोले ह्यांनी पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांना हातात हात घालून उभे केले आणि बाटलीतील वीज त्या साखळीतून सोडली. एकशे ऐंशी शिपाई एकाच क्षणी उडाले. राजेसाहेब खूष झाले. पुढे पॅरिसमधील सुमारे दोनशे संन्याशांवर हाच प्रयोग झाला. कोणी मेले नाही, कारण बाटलीत साठलेली वीज थोडी होती आणि ती डोळ्याचे पाते लवण्यापूर्वीच वाहून जात होती. पण हे कारण तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. वीज हा दरबारी करमणुकीचा आणि लवकरच वैदूगिरीचाही विषय झाला.

ह्या खेळाला पहिला गंभीर आघात बसला तो रशियात. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीतील प्राध्यापक रिखमन ह्यांनी आपल्या घराच्या छपरावर लोखंडी कांब उभारली होती आणि तिची तार खाली खोलीतील मापकापर्यंत आणली होती. ती तार जमिनीत कोठेही पुरलेली नव्हती. ६ ऑगस्ट १७५३ रोजी गडगडाट ऐकताच ते अकादमीतून धावत घरी आले; सोबत चित्रे कोरणारा कारागीर सोकोलोव्ह होता. रिखमन मापक पाहण्यासाठी वाकले तोच कांबेपासून त्यांच्या कपाळावर अग्नीचा लोळ झेपावला. ते जागच्या जागी कोसळले. कपाळावर एक लाल ठिपका आणि एका पायातला फाटलेला बूट, एवढीच बाहेरून दिसणारी खूण. सोकोलोव्ह बेशुद्ध पडला, पण वाचला.

त्याच वेळी जवळच आपल्या घरी हाच प्रयोग करीत असलेले लोमोनोसोव्ह धावत तेथे पोचले. त्या दिवशी त्यांनी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. रिखमनचे अंग अजून ऊन होते म्हणून आम्ही त्याचे रक्ताभिसरण पुन्हा सुरू करण्याचा यत्न केला, असे ते सांगतात. तो यत्न कोणता, हे त्या काळच्या वैद्यकावरून ताडावे लागेल. अंग ऊन आहे, जखम नाही, तरी प्राण गेला आहे, हे दृश्य पाहणाऱ्यांना जे कोडे पडले ते पुढे दीर्घकाळ सुटले नाही. ह्याच पत्रात लोमोनोसोव्हांनी मित्राच्या विधवेला आणि मुलांना निर्वाहवेतन मिळावे म्हणून रदबदली केली आहे. शास्त्रज्ञाच्या पत्रात असे वाक्य वाचले की त्याच्याविषयीचा आदर वाढतो.

कोड्याचा एक धागा एका कोंबडीने दाखवून दिला होता. १७७५ मध्ये कोपनहेगनचे पशुवैद्य आबिलगोर ह्यांनी कोंबडीच्या डोक्याला विजेचा धक्का दिला. ती निपचित पडली. पुन्हा डोक्यालाच धक्का दिला, काही उपयोग झाला नाही. मग छातीला दिला, आणि कोंबडी उठून चालू लागली! त्यांनी हे पुन्हा पुन्हा करून पाहिले आणि त्यावर निबंधही लिहिला. कोणाला त्याचे महत्त्व वाटले नाही. कोंबडीवरून माणसाचे अनुमान कोण काढणार?

पुढल्या शतकात विजेचे रूपच पालटले. बाटलीतील क्षणभराच्या ठिणगीच्या जागी डायनामोचा अखंड प्रवाह आला. १८७९ मध्ये फ्रान्समधील लिओं शहरी एक सुतार जनित्राच्या तारेला चिकटून मेला. मानवनिर्मित वीजप्रवाहाने झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू म्हणतात. त्या जनित्राचा दाब होता २५० व्होल्ट. आपल्या घराच्या भिंतीतून जो २३० व्होल्टचा दाब खेळतो, त्याहून हा फार निराळा नाही, एवढे येथे नमूद करून ठेवतो.

दहा वर्षांनी, १८८९ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या भर वस्तीत खांबावर चढलेला एक लाइनमन तारांच्या जाळ्यात सापडून मेला, आणि रस्त्यावर जमलेला हजारोंचा जमाव त्याचे लटकणारे प्रेत पाहत राहिला. त्याच काळात त्या राज्याने फाशीऐवजी विजेने देहदंड देण्याचे ठरवले होते. ६ ऑगस्ट १८९० रोजी (योगायोग असा की रिखमनच्या मृत्यूचीच तिथी!) ऑबर्नच्या तुरुंगात पहिला प्रयोग झाला. सतरा सेकंद प्रवाह सोडल्यावर डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला, आणि नंतर पाहतात तो मनुष्य श्वास घेतो आहे! पुन्हा प्रवाह सोडावा लागला. अधिक सांगत नाही. जेथे मारणे हाच हेतू होता तेथेही वीज कशाने मारते हे कोणास ठाऊक नव्हते, इतकेच ध्यानात घ्यावे.

श्वास बंद पडतो म्हणून मनुष्य मरतो की हृदय बंद पडते म्हणून? पॅरिसचे दार्सोंव्हाल ह्यांनी पहिला पक्ष घेतला. १८९४ मध्ये त्यांनी एका कामगाराची हकिकत प्रसिद्ध केली. चार हजारांहून अधिक व्होल्टचा धक्का बसून तो मृतवत पडला होता आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाने शुद्धीवर आला. विजेने पडलेल्या माणसावर बुडालेल्या माणसासारखे उपचार करावेत, असे त्यांनी सांगितले. आपल्या तक्त्याचा जन्म येथे झाला म्हणावयास हरकत नाही. १९०३ मध्ये एडिंबरोच्या शेफर ह्यांनी मनुष्यास पालथा घालून पाठ दाबण्याची पद्धत सांगितली आणि तीच जगभरच्या भिंतींवर चढली.

पण हे अर्धेच उत्तर होते. उरलेले अर्धे जिनीव्हात सापडले. विजेच्या प्रवाहाने हृदयाची विचित्र थरथर सुरू होते हे जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी १८५० मध्येच पाहिले होते, आणि माणसाच्या आकस्मिक मृत्यूचे कारण ही थरथर असू शकेल असे अ‍ॅबर्डीनचे मॅक्‌विल्यम १८८९ मध्ये लिहून चुकले होते. १८९९ मध्ये प्रेव्हो आणि बातेली ह्या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग करून गोष्ट स्पष्ट केली. निरोगी हृदयाच्या निलयांतील सगळे स्नायुतंतू एका तालावर आकुंचन पावतात, म्हणून रक्त ढकलले जाते. मध्यम प्रवाह हृदयातून गेला की तो ताल सुटतो. लेझीम पथकातला प्रत्येक गडी आपापल्या मनाने पावले टाकू लागावा तसा प्रत्येक तंतू निरनिराळा वळवळू लागतो. हृदय हालत असते, पण रक्ताचा थेंब पुढे सरकत नाही; नाडी नाहीशी होते आणि काही मिनिटांत मेंदू मरू लागतो. अंगावर जखम नसते. रिखमनच्या खोलीत नेमके काय घडले ते आज सांगता येणार नाही, परंतु घरगुती विजेने गेलेली बहुतेक माणसे ह्या थरथरीने जातात.

ह्या दोघांनी आणखी एक गोष्ट पाहिली. खूप मोठा प्रवाह हृदयातून गेला तर ते थरथरत नाही. ते घट्ट आवळले जाते आणि प्रवाह सुटल्यावर पुन्हा तालावर धडधडू शकते. इतकेच नव्हे, आधीच थरथरत असलेले हृदय अशा मोठ्या धक्क्याने थांबवून पूर्ववत करता येते. म्हणजे आबिलगोरची कोंबडी! हा शोधही तीस वर्षे धूळ खात पडला. परंतु पुष्कळांना पडणारे एक कोडे त्याने सुटते. हजारो व्होल्टच्या तारेवर होरपळलेला मनुष्य कधी कधी हातपाय गमावूनही जगतो आणि घरात ओल्या हाताने बटण दाबणारा जागीच जातो, ह्याचे इंगित येथे आहे.

पुढील प्रकरण अमेरिकेतील बाल्टिमोरचे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात विजेच्या तारा दूरवर पसरल्या आणि लाइनमन मरू लागले. तेव्हा वीज कंपन्यांनीच संशोधनाला पैसा पुरवला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हे काम हाती घेणाऱ्यांत विल्यम कौवेनहोव्हन हे विद्युत् अभियंता होते. वैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९३३ पर्यंत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिनीव्हाचा विसरलेला शोध पुन्हा सिद्ध केला. १९४७ मध्ये क्लीव्हलंडचे शल्यवैद्य क्लॉड बेक ह्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची उघडी छाती हाताशी असताना, थरथरणारे हृदय विजेच्या धक्क्याने ताळ्यावर आणून मुलाला वाचवले. पण छाती उघडण्याची सोय खांबाखाली कोठून असणार?

१९५८ मध्ये कौवेनहोव्हन ह्यांच्या प्रयोगशाळेत निकरबॉकर नावाचा तरुण संशोधक काम करीत होता. कुत्र्याच्या छातीवर धक्का देण्याच्या जड तबकड्या दाबल्या की, वीज सोडण्यापूर्वीच, धमनीतील रक्तदाब किंचित चढतो, असे त्याच्या नजरेस आले. दुसऱ्या एखाद्याने ते मापकाचा दोष म्हणून सोडून दिले असते. निकरबॉकरने सोडले नाही. छाती बाहेरून तालात दाबली तर थांबलेले हृदयही थोडे रक्त ढकलते, हे त्यातून निघाले. शल्यवैद्य ज्यूड ह्यांच्यासह तिघांनी जुलै १९६० मध्ये वीस रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी चौदा जगले होते. ह्या उपचारास दोन हातांपलीकडे कोणतेही साधन लागत नाही, हे त्यांनी मुद्दाम नमूद केले. त्याच सुमारास त्याच शहरात पीटर साफर हे तोंडाने श्वास देण्याची पद्धत पाठ दाबण्यापेक्षा सरस ठरवीत होते. आज हृदयविकाराच्या झटक्यात जगभर छाती दाबून माणसे वाचवतात. ती विद्या लाइनमनच्या मरणाचा शोध घेताना हाती आली, हे फार थोड्यांना माहीत असते. विद्यापीठाने १९६९ मध्ये कौवेनहोव्हन ह्यांना वैद्यकाची सन्माननीय पदवी दिली. तेव्हा ते ऐंशी वर्षे ओलांडून गेले होते.

आता, मुळात तार हातातून सुटत का नाही? वीज माणसाला खेचून धरते, अशी आपल्याकडे समजूत आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील ह्यांनी १९४० नंतरच्या दशकांत ह्याचा छडा लावला. १३४ पुरुष आणि २८ स्त्रियांनी स्वेच्छेने मुठीत तांब्याची तार धरली आणि प्रवाह हळूहळू वाढवण्यात आला. प्रवाह सुमारे एक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, झाला की मुंग्या येतात. पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअरला मूठ उघडता येईनाशी होते. मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंहून बलवान असतात, आणि प्रवाह दोघांनाही एकदम चेतवतो. तार माणसाला धरीत नाही; त्याची स्वतःची मूठच तारेला धरून बसते. जुने वायरमन हाताच्या मागल्या बाजूने स्पर्श करून पाहत असत त्याचे मर्म हेच. अर्थात् त्यांचे अनुकरण करू नये. त्यांच्यातले जे चुकले ते आपल्याला सांगायला आलेले नाहीत.

आकड्यांचा आणखी थोडा विचार करू. कोरडी कातडी हजारो ओहमचा अडथळा करते. घामाने वा पाण्याने भिजली की हातापासून पायापर्यंतचा अडथळा हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला त्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर वाहतील. साठ वॅटच्या बारीकशा दिव्यातून जवळपास इतकाच प्रवाह जातो, आणि हृदयाची थरथर होण्यास ह्याच्या चतुर्थांशही काही सेकंदांत पुरेसा होऊ शकतो. आता आपल्या घरातील फ्यूज पाहा. तो पाच अँपिअरचा, म्हणजे पाच हजार मिलिअँपिअरचा. माणसाच्या अंगातून प्राणघातक प्रवाह जात असताना त्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही. फ्यूज तारेला आगीपासून वाचवतो, माणसाला वाचवण्यासाठी तो कधी केलेलाच नव्हता. नव्या पद्धतीचा आपोआप पडणारा स्विचही बहुधा तसाच. ‘फ्यूज आहे, काळजी नाही’ असे म्हणणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत.

माणसासाठी केलेले साधन निराळे आहे. एका तारेने गेलेला प्रवाह दुसरीने पुरता परत येतो की नाही, ह्याचा ते हिशेब ठेवते. थोडासा जरी वाटेत कोणाच्या अंगातून जमिनीत गेला तरी क्षणार्धात पुरवठा तोडते. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींसाठी हेन्री रूबिन ह्यांनी १९५५ मध्ये असे साधन बनवले. १९६१ मध्ये डॅल्झील ह्यांनी ट्रान्झिस्टर वापरून पाच मिलिअँपिअरला तुटणारे केले. आपल्याकडे ते ‘ई. एल. सी. बी.’ किंवा ‘आर. सी. सी. बी.’ ह्या नावांनी मिळते. घरासाठी तीस मिलिअँपिअरचे घ्यावे आणि त्यावरील तपासणीचे बटण मधूनमधून दाबून पाहावे. मात्र एक हात जिवंत तारेवर आणि दुसरा शून्य तारेवर पडला, तर ह्या साधनाला तो मनुष्य म्हणजे एक दिवाच वाटतो. त्याच्या भरवशावर चालू तारेशी खेळता येत नाही.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर घरोघर असतो. लोखंडी अंग, आत पाणी, खाली पाणी सांडलेली फरशी आणि पाणी ओतणारा अनवाणी. ह्याहून वाईट योग जुळवणे कठीण. पाणी ओतण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटून ठेवावा. तसेच बादलीत सोडलेल्या पाणी तापवण्याच्या कांबीचे, आणि पत्र्याच्या शेडला बांधलेल्या कपडे वाळत घालण्याच्या तारेचे. पावसाळ्यात तार तुटून शेतात पडते तेव्हा बैल मरतो आणि धनी वाचतो, कारण बैलाचे पुढचे-मागचे पाय लांब अंतरावर असल्याने त्याला अधिक दाब मिळतो आणि प्रवाहाची वाट छातीतून जाते. म्हणून पडलेल्या तारेकडे मोठी पावले टाकीत धावू नये. दूर राहून वीज कचेरीला कळवावे.

कोणी चिकटलेला दिसला तर प्रथम मेन स्विच. तो सापडत नसेल आणि घरगुती वीज असेल तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर करावी. त्या माणसाला हात लावला तर चिकटलेले दोघे होतात. उंच खांबावरच्या मोठ्या दाबाच्या तारांना काठीही चालत नाही. माणूस सुटल्यावर श्वास आणि हालचाल पाहावी. दोन्ही नसतील तर त्याला उताणा निजवून, छातीच्या मध्यभागी तळवा ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल दाब देत राहावे, आणि दुसऱ्याने १०८ वर दूरध्वनी करावा. शिकलेला असेल त्याने तोंडाने श्वासही द्यावा. कोठे कोठे अशा माणसाला मातीत पुरून ठेवण्याची रीत आहे; तीत ती मोलाची मिनिटे जातात. आणि जो आपणहून उठून बसला त्यालाही डॉक्टरकडे न्यावेच, कारण बाहेर बोटभर डाग दिसतो तेव्हा आत स्नायू भाजलेले असू शकतात.

तक्त्याचे चित्र ह्यामुळेच बदलले. पालथा मनुष्य आता उताणा झाला आहे. परंतु परवा एका व्यापाऱ्याच्या जुन्या गोदामात गेलो असता तोच पालथ्या माणसाचा पिवळा पडलेला तक्ता भिंतीवर दिसला, आणि त्याच्या खाली, मेन स्विचच्या अगदी तोंडाशी, तांदळाच्या पोत्यांची छातीइतकी उंच थप्पी. वेळ आली तर स्विचपर्यंत हात कसा पोचणार, असे विचारले तेव्हा मालक हसले, मग विचारात पडले. नवा तक्ता मागवतो म्हणाले. तो येईल तेव्हा येवो. थप्पी त्यांनी मी उभा असतानाच हमालांकडून हलवून घेतली.